उघड्या दाराचा अनंता

आमच्या अंबरनाथात मोरिवलीच्या बाजूला कुणी वारलं, की डॉक्टरच्या आधी अनंता मांडवकर हजर व्हायचा. डॉक्टरला आणायला रिक्षा पाठवावी लागते. अनंताला रडण्याचा आवाज पुरे, आणि घरातली माणसं रडायला उशीर करत असतील तर तो ओट्यावर बसून वाट बघायचा. संकोच म्हणून नाही. रडणं उरकल्याशिवाय माणसं कामाला लागत नाहीत, हा त्याचा अनुभव.

कंपन्यांच्या मागच्या भिंती आणि नाला यांच्यामध्ये जी चिंचोळी जागा उरली होती, तिच्यात शंभरेक झोपड्यांची पंपहाऊस वस्ती होती. तिच्यातलं अगदी शेवटचं घर अनंताचं. त्याच्या पुढे नाला. महाडकडचा माणूस. एका केमिकल कंपनीत ठेक्यावर पिंपं ढकलायचा. कंपनीचं नाव दर दोन वर्षांनी बदलायचं, पिंपं तीच राहायची. बायको लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी काविळीनं गेली. तिची तिरडी लोकांनी घाईघाईत बांधली आणि वाटेत एक गाठ सुटली. त्यानंतर वस्तीतल्या कुठल्याही मयताच्या वेळी अनंतानं दुसऱ्या कुणाला सुतळीला हात लावू दिला नाही.

तिरडीच्या बाबतीत तो फार चोखंदळ. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये प्रीतमचं दुकान आहे. एका फळीवर लग्नाचे फेटे, दुसऱ्या फळीवर मयताचं सामान, मध्ये प्रीतम. तिथं जाऊन अनंता एकेक बांबू डोळ्याला लावून असा बघायचा, की प्रीतम वैतागून म्हणायचा, "अरे साईं, जानेवाला शिकायत करेगा क्या?"

"जाणारा नाही करत. खांदेवाले करतात," अनंता म्हणायचा आणि तो बांबू बाजूला ठेवायचा.

मयतांचीही त्याची स्वतःची प्रतवारी होती. मास्तर हलके. हवालदार जड. बँकेतले कारकून आडमुठे, खांद्यावर कधी सरळ राहायचे नाहीत. म्हाताऱ्या बाया सगळ्यांत गुणी, "त्यांना उचलून घ्यायची सवय नसते ना, म्हणून अंग चोरून बसतात." हे तो मयताच्या घरीच बोलायचा. पण रागवायचं कुणी नाही, कारण रागावलं तर बांधणार कोण?

आणि त्याची एक रीत होती. खांदा द्यायला निघाला की दार सताड उघडं टाकून निघायचा. मयत रस्त्यात असताना खांदेकऱ्याचं दार बंद असू नये, असं त्याची आई सांगायची. का, ते आईलाही ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत त्याच्या उघड्या घरातून एकदाच चोरी झाली, स्टोव्ह गेला. पुढे चोराचा बाप वारला तेव्हा तो स्टोव्ह परत आला. घासलेट भरून आला.

मग सर्व्हे आला.

झोपड्यांच्या बदल्यात पक्की घरं मिळणार होती. अंबरनाथ संपतं आणि बदलापूर अजून सुरू होत नाही अशा जागी सात मजली इमारती उभ्या राहिल्याच होत्या. सर्व्हेच्या दिवशी ज्याचं घर राहतं दिसेल त्याला फ्लॅट. ज्याला कुलूप, त्याच्या दारावर 'बंद', आणि बंद म्हणजे बाद.

वस्तीत नळाला नव्हतं एवढं प्रेशर अफवांना होतं. बायको माहेरी गेलेली सापडली तर किचन कापतात. घरात शिलाई मशीन दिसलं तर दुकान धरतात. आणि सगळ्यांत भयंकर अफवा अशी, की ज्याच्याजवळ दोन घरांच्या किल्ल्या सापडतील, त्याची दोन घरं धरतात आणि दोन्ही बाद करतात. ही अफवा खुद्द दौलतरावांनी सांगितली होती, म्हणजे ती अफवा राहिली नव्हती. दौलतराव वस्तीचे अध्यक्ष. निवडले कधी गेले ते कुणाला आठवत नव्हतं. पांढरा शर्ट, खिशाला तीन पेनं, त्यांतलं एक चालू. त्यांचं घर अनंताच्या घराला लागून होतं. दोघांत एकच पत्रा.

नेमकी सर्व्हेच्या सकाळी गयाबाई गेली. तिचा मुलगा संतोष दारात डोक्याला हात लावून बसला. आई गेल्याचं दुःख आणि सर्व्हेची धास्ती त्याच्या तोंडावर अशी मिसळली होती, की सांत्वन नक्की कशाचं करावं ते येणाऱ्याला कळेना.

दौलतराव म्हणाले, "संतोष, ऐक. दुपारपर्यंत थांबव."

"आईला? असंच ठेवू?"

"असंच कशाला? भिंतीला टेकवून बसव, शाल घाल. म्हातारी माणसं कुठं फार बोलतात? एक माणूस जास्त मोजला जाईल."

अनंता तोवर आला होता. "दौलतराव, तुमच्या वेळेला तुम्हालाही असंच टेकवून ठेवू का?"

"माझ्या वेळेला लिफ्ट असेल," दौलतराव म्हणाले.

अनंता खांदे शोधत दारोदार फिरला. संतोषची बायको-पोरं सर्व्हेसाठी घरात थांबणार होती, पण त्याला स्वतःला पुढे मडकं धरायचं होतं, त्यामुळे चार खांदे बाहेरून हवे होते. शंभर घरांत शंभर माणसं नुसती बसलेली होती. अंघोळ करून, कुटुंबासहित, शाळेच्या फोटोला बसावं तशी.

"अनंता, उद्या गेली असती ना म्हातारी, तर पहिला खांदा माझा," एक जण बसल्या जागेवरून म्हणाला.

"तिला सांगून बघतो," अनंता म्हणाला.

शेवटी नाल्यापलीकडच्या बुद्धविहाराजवळचा मिलिंद आला. त्यांच्या गल्लीचा सर्व्हे आदल्या दिवशी झाला होता. "काका, मी आणि माझा भाऊ येतो. आमचं दार आता कसंही असलं तरी चालतं." म्हणजे तीन झाले. चौथा प्रीतम. तो टेम्पोतून सामान घेऊन आला होता आणि परत निघायच्या बेतात होता.

"मैं? अरे, मैं तो सामानवाला आहे!"

"सामान तुझं, मग ओझं पण तुझंच. धर."

वस्तीनं गयाबाईला दारातूनच हात जोडले. उंबरठा कुणी ओलांडला नाही. अनंताचं दार नेहमीप्रमाणे सताड उघडं होतं.

ते अंजनीवहिनींना बघवलं नाही. अंजनीवहिनी म्हणजे दौलतरावांची बायको. आज परकी माणसं फिरणार, अनंताभाऊंची भांडीकुंडी कुणी उचलली म्हणजे? त्यांनी आपल्या घरातलं एक जादा कुलूप काढलं, अनंताच्या कडीला घातलं आणि किल्ली पदराच्या गाठीत बांधली. मनात पाप नव्हतं. पाप नसलेल्या माणसानं केलेलं नुकसान फार वाईट. त्याबद्दल भांडायचं कुणाशी?

अर्ध्या तासानं सर्व्हेवाले आले. हातात टॅब असलेली एक मुलगी आणि लाल रंगाचा डबा घेतलेला एक माणूस. दौलतरावांचं घर झालं, पोहे झाले. मग मुलगी शेवटच्या दाराशी थांबली.

"इथं कोण राहतं?"

"राहतो एक जण," दौलतराव म्हणाले. "मयतीला गेलाय."

"उघडून दाखवा ना कोणीतरी. आत संसार दिसला तरी मी राहतं घर लिहीन. किल्ली कोणाकडे आहे?"

अंजनीवहिनींनी पदर मुठीत धरला आणि नवऱ्याकडे बघितलं. दौलतरावांनी त्या मुठीकडे बघितलं, मग आभाळाकडे. दोन किल्ल्या, दोन घरं, दोन्ही बाद. त्यांनीच तर सांगितलं होतं सगळ्यांना. आता स्वतःच सांगितलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही म्हणजे अध्यक्षपद गेलंच की!

"किल्ली त्याच्याकडेच असेल," दौलतराव म्हणाले.

ज्या माणसानं जन्मात कधी खांद्याला जाताना दार लावलं नाही, त्याच्या दारावर लाल रंगात 'बंद' असं लिहून ते लोक पुढच्या वस्तीत गेले.

अनंता परतला तो ओल्या अंगानं. दाराला कुलूप बघून म्हणाला, "हे कुणी लावलं?"

"मी," अंजनीवहिनी म्हणाल्या. "सामान जाईल म्हणून." त्यांनी पदराची गाठ सोडायला घेतली, पण ती काही केल्या सुटेना. शेवटी दातांनी सोडवली.

अनंतानं कुलपाकडे बघितलं, अक्षरांकडे बघितलं, गाठीकडे बघितलं. मग म्हणाला, "बरं केलंत वहिनी," आणि आत जाऊन कपडे बदलले.

त्यानंतर जे व्हायचं ते रीतसर झालं. नावांच्या चिठ्ठ्या निघाल्या, पेढे वाटले गेले. अनंतालाही पेढे मिळाले, सगळ्यांत जास्त, कारण प्रत्येक जण त्याला दोन देत होता. संतोषला दुसरा मजला, दौलतरावांना सहावा. मग वस्तीवर बुलडोझर आला आणि 'बंद' लिहिलेलं दार त्यानं इतर दारांसारखंच पाडलं. यंत्राला काही भेदभाव नसतो, तो माणसांना करावा लागतो.

अनंता पत्र्याची ट्रंक घेऊन स्मशानात गेला.

घाबरू नका, जिवंतच गेला. स्मशानात लोकांना बसायला एक शेड आहे. सरकारी पैशातून बांधलेली. पाणी आहे, दिवा आहे, पंखासुद्धा आहे. आमच्या गावात रहिवासाचा पुरावा न मागता माणसाला आत घेणारी ती एकच सार्वजनिक इमारत. राखणदार ओळखीचा होता. शेडमध्ये सिमेंटची बाकं होती, प्रत्येकावर कै. अमुक यांच्या स्मरणार्थ असं कोरलेलं. त्यांतल्या बहुतेकांना अनंतानं पोचवलेलं होतं, त्यामुळे कुणाच्या अंगावर झोपायचं एवढीच निवड उरली होती. हवालदारांचं बाक त्याला आवडायचं, थोडं रुंद होतं. पण सगळीच बाकं बसायच्या मापाची. अनंता उंच. रात्रभर पाय गुडघ्यापासून खाली लोंबकळायचे आणि सकाळी मुंग्या यायच्या.

नव्या इमारतीच्या नकाशात तळमजल्यावर 'समाजकेंद्र' होतं. बालवाडी, दवाखाना, म्हाताऱ्यांना बसायची खोली, सगळं त्या एका हॉलमध्ये होणार होतं. होईपर्यंत त्याला कुलूप होतं आणि किल्ली दौलतरावांकडे होती. किल्ल्यांच्या बाबतीत आता ते धीट झाले होते. अनंता एकदा त्यांना भेटायला गेला.

"दौलतराव, अपिलाचा निकाल लागेपर्यंत तिथं पडतो एका कोपऱ्यात. झाडून घेईन, पाण्याची मोटर बघेन."

दौलतराव कळवळले. मनापासून कळवळले, तेवढं मानायला हवं. "अनंता, तू आपला माणूस. पण तू पडलास मयतीतला. सकाळी कामाला निघताना लोकांना पहिलं तुझं तोंड दिसणार. पोरींची लग्नं ठरायचीत. समजून घे."

"आणि कुणी गेलं तर?"

"तेव्हा तर तुला बोलवणारच! म्हणजे काय!"

बोलवायचेही. स्मशानातून इमारतीत, इमारतीतून स्मशानात, असं त्याचं जाणं-येणं सुरू झालं. परतीची फेरी ओझ्यासह.

उल्हासनगरच्या कचेरीत त्याचं अपील दोन वर्षं पडून होतं. अट साधी होती. लागून असलेल्या घरातल्या माणसानं येऊन साहेबांसमोर सांगायचं, की त्या दिवशी हे घर राहतं होतं आणि कुलूप का होतं. लागून घर एकच, दौलतरावांचं. तारखा निघायच्या आणि प्रत्येक तारखेला दौलतरावांचं पोट बिघडायचं. कारण नवी अफवा अशी होती, की जो साक्ष देईल त्याची स्वतःची फाइल पुन्हा उघडतात.

शेवटी एक दिवस अंजनीवहिनींनी ताटावरून उठता उठता नवऱ्याला सांगितलं, "या तारखेला मी जाणार. उघडू दे फाइल." दौलतराव हात धुवायला उठले. तारखेच्या दिवशी पहाटे त्यांना छातीत कळ आली आणि ते गेले. या वेळी पोटाचं निमित्त नव्हतं.

अनंता इस्त्रीचा शर्ट घालून हवालदारांच्या बाकावर बसला होता. संतोषचा फोन आला.

"अनंताकाका, लवकर या. दौलतराव गेले."

"अरे देवा. कधी?"

"पहाटे. पण काका, लिफ्टमध्ये मावत नाहीयेत. आडवे जात नाहीत आणि जिना इतका अरुंद, की वळणावर अडकतंय. चार जणांची चार मतं चाललीयत."

"संतोष, आज माझी तारीख आहे."

संतोष म्हणाला, "काका, तारीख काय पुन्हा मिळेल. मयत वाट बघतं का? तुम्हीच म्हणायचात."

"तुझी आई दुपारपर्यंत वाट बघू शकत होती ना? मग दौलतरावही बघतील," अनंता म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. इतकं कडू तो जन्मात पहिल्यांदाच बोलला असेल. बोलून झाल्यावर त्यालाच कसंतरी झालं. पण तो रिक्षात बसला. साक्षीदार नाही तर नाही, आपणच सांगू साहेबांना, की साक्षीदाराच्या घरी असं असं झालंय.

कचेरीत साहेबांची खुर्ची रिकामी. शिपाई म्हणाला, "साहेब नाहीत आज. सासरे वारले त्यांचे. मयतीला गेलेत."

अनंता सवयीनं म्हणाला, "बांधायला कोणी आहे का त्यांच्याकडे?"

"काय?"

"काही नाही. पुढची तारीख?"

शिपायानं विचारून सांगितली. अनंतानं बोटांवर मोजलं. "त्या दिवशी साहेबांच्या सासऱ्यांचा दहावा येतो. साहेब नसतील."

"तुम्ही या. तुम्ही नसलात तर गैरहजेरी लागते."

"आणि साहेब नसले तर?"

"साहेबांना कशी लागेल?" शिपायानं विचारलं, आणि खरंच, त्याला कळलंच नव्हतं.

अनंता इमारतीत पोचला तेव्हा दौलतराव अजून सहाव्या मजल्यावरच होते. पडद्याचे दांडे आणि नायलॉनची दोरी वापरून लोकांनी जे काही बांधलं होतं, ते बघून अनंता आधी मयताच्या पाया पडला आणि मग सगळं सोडलं. दौलतरावांना त्यांच्याच खुर्चीत बसवलं, छातीवरून चादर बांधली आणि लिफ्टमध्ये घातलं. आत दोघेच मावत होते. लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली, दार उघडलं. दूध घेऊन वर जाणारी एक मुलगी म्हणाली, "काका, खाली चाललंय?"

"खालीच," अनंता म्हणाला.

तळमजल्यावर तिरडी बांधायला जागा हवी होती. मग दौलतरावांच्या शर्टातून किल्ली आणवली आणि समाजकेंद्राचं कुलूप पहिल्यांदा उघडलं. लाद्या बसवलेल्या होत्या. दोन पंखे. एक नळ, त्याला पाणी. अनंतानं एकदा सभोवार नजर फिरवली आणि लादीवर बसून सुतळी सोडायला घेतली. त्या हॉलमध्ये पहिला मुक्काम अध्यक्षांनीच केला, आणि सोबतीला अनंता होता. पोरींच्या लग्नांचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

स्मशानातून लोक रीतीप्रमाणे घरी परतले. अंजनीवहिनी कोपऱ्यात बसल्या होत्या. अनंता दारातच हात जोडून निघत होता, त्यांनी थांबवलं. सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "अनंताभाऊ, त्या दिवशी सर्व्हेवालीनं मागितली तेव्हा किल्ली माझ्याकडेच होती."

"ठाऊक आहे, वहिनी. गाठ पिळून पिळून तुम्ही तिचा दगड केला होतात. किल्ली सहज बांधली असती तर दातांनी सोडवायला लागली नसती."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून दार उघडलं असतं का?"

"पुढची तारीख कधी?"

"दहाव्याच्या दिवशी."

"मी येते."

खोलीतल्या बायका हबकल्या. पण सगळ्यांत जास्त हबकला अनंता. "नवऱ्याचा दहावा सोडून? वहिनी, वेड लागलंय का?"

"दहावा पोरगा करील. तुमचं घर कोण करील?"

"असं नाही चालत," अनंता म्हणाला. हा माणूस दोन वर्षं ज्या एका वाक्याची वाट बघत होता, ते वाक्य समोर आलं आणि त्यानंच ते परतवलं. "मयताच्या मध्ये माझं घर आणू नका. एकदा आलं, तेवढं पुरे. आणि मीही नाही जात. दौलतरावांच्या पिंडाला कावळा लवकर शिवायचा नाही, तिथं कुणीतरी जाणतं पाहिजे."

बोलल्याप्रमाणे कावळा शिवला नाहीच. दहाव्याला पिंड ठेवून तास झाला. कावळे समोरच्या झाडावर बसून माणसांकडे बघत होते. मुलगा म्हणाला, आईला सांभाळीन. नाही. कुणी म्हणालं, लिफ्ट दुरुस्त करू. नाही. नवा अध्यक्ष आता संतोष होता. तो म्हणाला, थकलेला मेन्टेनन्स वसूल करू. एक कावळा चक्क उडून गेला.

मागे बसलेल्या अंजनीवहिनी म्हणाल्या, "अनंताभाऊंना घर देऊ म्हणा."

सगळे अनंताकडे बघायला लागले. तो दर्भ आवरत होता. संतोष हळूच म्हणाला, "घर आपल्या हातात कुठंय, काकी? सोय करू म्हणूया." मग पिंडाकडे वळून मोठ्यानं म्हणाला, "दौलतराव, अनंताकाकांची सोय करतो आम्ही."

कावळा आला. त्याला भूक लागली असेल, शब्द घराचा की सोयीचा हे त्यानं विचारलं नाही.

त्याच वेळी उल्हासनगरच्या कचेरीत साहेब नव्हते, अर्जदार नव्हता, साक्षीदार नव्हता. तिघेही दहाव्यालाच होते. शिपायानं हाक मारली, कुणी ओ दिली नाही. अर्जदार गैरहजर म्हणून अपील निकाली निघालं.

पिंडासमोर दिलेला शब्द मोडता येत नाही. कमिटीची मीटिंग झाली. समाजकेंद्राचं नाव निघालं, आणि पोरींची लग्नंही परत निघाली. मग संतोषनं तोड काढली. दौलतरावांच्या स्मरणार्थ स्मशानातल्या शेडला एक नवं बाक द्यायचं. अध्यक्षांचा मान राहील, अनंताकाकांची सोयही होईल. सगळ्यांना एकदम पटलं.

अंजनीवहिनी मीटिंगला मागे बसल्या होत्या. म्हणाल्या, "सहा फुटी करा."

"बसायचं बाक एवढं लांब नसतं, काकी."

"सहा फुटी," वहिनी म्हणाल्या. संतोषनं तसं लिहून घेतलं.

बाक आलं. चांगलं आहे, कडा गोल घासलेल्या आहेत. दौलतरावांचं नाव उशाशी येईल असं बसवलंय. कमिटी फोटो काढून गेल्यावर अनंतानं त्यावर पाठ टेकली आणि पाय लांब केले. टाचा बाकावर टेकल्या. तो बराच वेळ तसाच पडून राहिला. राखणदारानं विचारलं, "काय अनंता, माप बरोबर आहे का?"

"बरोबर आहे," अनंता म्हणाला. "दार तेवढं नाही. पण ते आपण कधी लावलं होतं?"